चंद्रावरचा डोंगर आणि शेजारचा बोका

९ फेब्रुवारी

काम मिळालं. घरात सांगायला वन्संखेरीज कोणी नाही आणि नेमकं त्यांनाच सांगायचं नाहीये, म्हणून इथे लिहिते.

विज्ञान केंद्रात दृष्टिहीनांसाठी एक दालन उघडतंय. तिथे सगळं हाताने चाचपून बघायचं. तिथल्या बाईंनी माझे जुने नमुने पाहिले, छताच्या मधली प्लास्टरची फुलं, कडेची वेलबुट्टी, आणि विचारलं की तुम्हाला डोंगर जमेल का. मी म्हटलं, ज्याला फूल जमतं त्याला डोंगर न जमायला काय झालं. शुद्ध थाप. कारखाना बंद पडेपर्यंत मी आयुष्यभर छतंच नटवली, डोंगर जन्मात केला नाही. पण पोटापाण्याचं आता आपलं आपण बघायचं असं ठरवून गॅरेजमध्ये टेबल मांडलंय, तर पहिल्याच गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार?

डोंगर चंद्रावरचा आहे. त्याचं नाव पिको. सपाट काळ्या मैदानात हा एकटाच उभा, आजूबाजूला बारीक विवरं, काही बुटके उंचवटे आणि उत्तरेकडे प्लेटो नावाच्या मोठ्या विवराची भिंत. हे सगळं दीड मीटरच्या फळीवर बसवायचं आहे.

आता वन्संना का सांगायचं नाही ते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि रोजची संध्याकाळ गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून चंद्र बघण्यात घालवली. हे गेले तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने वन्संची नजर पार गेली. त्या दिवसापासून त्यांनी चंद्राचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत चादरीखाली उभी आहे. मग मी त्यांच्यासमोर चंद्र चंद्र करत नाचू का? माणसाच्या जखमेवर बोट ठेवायचं म्हणजे काय.

म्हणून सांगितलं की धरणाच्या कामासाठी एका डोंगराचा नमुना करतेय. त्यांनी विचारलं, कुठलं धरण. मी म्हटलं, मोठं आहे. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

सुताराने फळी आणून दिली. आधी सगळं मातीत घडवायचं, मग मातीवर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, आणि त्या साच्यात पक्का नमुना. साचा उचलला की खालची माती मोडते, म्हणजे जे काही सुधारायचं ते त्याआधी.

केंद्रातल्या बाईंनी दिलेला फोटो फळीसमोर भिंतीवर लावलाय. चंद्रावरच्या सकाळचा आहे. ऊन उजवीकडून येतं आणि डोंगराची सावली डावीकडे लांबच लांब पडलीय, टोकाला अगदी सुईसारखी. माझी खिडकीही उजवीकडेच, त्यामुळे फोटो बघताना डोळ्याला बरं वाटतं.

आज शिखर केलं. छान टोकदार. सावलीच एवढी अणकुचीदार आहे तर डोंगर किती असेल! ओल्या फडक्याने झाकून ठेवलं आणि स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

१७ फेब्रुवारी

शिखर कोणीतरी चेपलं.

शेजारचा बोका. दुसरं कोण? गॅरेजच्या खिडकीची खालची काच फुटलेली आहे, तिथून येत असणार. फडकंसुद्धा नीट झाकलेलं होतं, हे विशेष. लबाड आहे.

२० फेब्रुवारी

काचेच्या जागी पुठ्ठा ठोकला, शिखर पुन्हा उभं केलं. बाजारात जाऊन येते तर पुन्हा चेपलेलं. आता नुसतं चेपलेलं नाही, चारी बाजूंनी हळूहळू उतरतं केलेलं, जणू कोणी बसून अंगठ्याने झिजवलं. बोका कुंपणावर बसून पाय चाटत होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. शेजारीणबाई खिडकीतून बघत होत्या, बघू देत.

मागच्या दारापासून वन्संच्या खोलीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला मातीची बोटं उमटलीत. माझीच असणार, मी कुठेही हात टेकते. पुसून काढली.

२६ फेब्रुवारी

आज वन्संनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की दुसऱ्या गावात दृष्टिहीन बायकांसाठी एक निवास आहे, तिथे त्यांनी फोन करून जागा पक्की केली. एक मेपासून. तिथे त्यांची एक जुनी विद्यार्थिनी काम करते. मला म्हणाल्या, "तुझं आता नवं काम सुरू झालंय. तुला मोकळं केलं पाहिजे."

मी म्हटलं, "जशी तुमची इच्छा."

दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी ठरवून, फोन करून, सगळं करून मग मला सांगितलं. मला विचारलं असतं तर बोलले असते. आणि एका परीने बरंच आहे. मला दिवसभर गॅरेजमध्ये काम, त्यांचं खाणंपिणं, औषधं, चिडचिड... शिवाय तिथे सगळ्या त्यांच्यासारख्याच, सोबत होईल. विचार केला तर फायदाच आहे.

कपबश्या दोनदा घासल्या आज. पहिल्यांदा घासल्याचं लक्षातच नव्हतं.

४ मार्च

केंद्रातल्या बाई काम बघायला आल्या. शिखर पुन्हा उभं करायला मला वेळच झाला नव्हता, बोक्याने केलं तसंच बुटकं, पसरट होतं. मी बोक्याची हकिगत सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाई वाकल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या की वा, तुम्हाला कसं कळलं? बहुतेक लोक इथे सुळका करतात.

मग त्यांनी समजावलं. सकाळचं ऊन फार तिरकं असतं, म्हणून सावली लांब आणि टोकदार पडते. डोंगर खरं तर नुसता मोठा गोळा, दोन-अडीच किलोमीटर उंच पण तळाला कितीतरी जास्त पसरलेला. माणूस धापा टाकत का होईना, चालत वर जाईल इतका उतार.

मी गंभीर चेहरा करून मान हलवली. म्हटलं, हो ना, सावलीवर कुठे विसंबायचं.

बोक्याला आज दूध घातलं.

रात्री जेवताना वन्संनी विचारलं, धरणवाले आले होते का, काय म्हणाले. मी सांगितलं, डोंगर आवडला. त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं. धरणाचं त्यांना एवढं काय कौतुक कोण जाणे.

१२ मार्च

डोंगर आणि अलीकडची अर्धी फळी झाली. पलीकडच्या अर्ध्या भागावर हात पोचत नव्हता, म्हणून सुताराच्या मदतीने फळी गर्रकन उलटी फिरवली. आता उत्तरेची बाजू माझ्याकडे. मग फोटोही उलटा करून लावला, म्हणजे फळी आणि फोटो जुळतात, डोकं लढवावं लागत नाही. छतावर काम करताना आम्ही असंच करायचो, कागद कामाबरोबर फिरवायचा.

फार भराभर काम होतंय. या बाजूला बारीक बारीक टेकड्या आहेत आणि मध्ये एक मोठा गोल चर, फार उथळ. प्लेटोची भिंत फळीच्या अगदी कडेला येते, ती बाईंनी भिंत म्हणून सांगितलीच होती. हात बसला की कसं काम आपोआप होतं.

बोका बऱ्याच दिवसांत आलेला नाही. दुधाचा गुण.

२० मार्च

वन्संनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली आणि आवराआवर सुरू केली. एक मे अजून लांब आहे, पण त्यांचं सगळं आधीपासून. मी साड्या घडी करून देत होते आणि त्या हाताने पोत ओळखून सांगत होत्या, ही दे, ही राहू दे. मधेच विचारलं, "साचा कधी ओतणार आहेस?"

मी म्हटलं, महिनाअखेर. त्या म्हणाल्या, आदल्या दिवशी सांग. मी विचारलं, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणे, असंच, प्लास्टरच्या धुळीने खोकला येतो, खोलीचं दार लावून घेईन.

आज आठवलं. पूर्वी संध्याकाळी गच्चीवरून हाक यायची, "ये गं गिलावे, आज पिको छान दिसतोय!" गिलावा म्हणजे मी, अंगभर प्लास्टर घेऊन घरी यायचे म्हणून. मी खालून ओरडायचे, गॅसवर दूध आहे. रोज गॅसवर दूध असायचं. म्हणजे पिको हे नाव मी केंद्रात पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. केंद्रातल्या बाईंनी उच्चारलं तेव्हा कानाला ओळखीचं वाटलं होतं, पण कुठलं ते कळलं नाही.

कळल्यावर तर अजूनच सांगावंसं वाटेना. त्यांचा आवडता डोंगर निघाला.

२९ मार्च

आजचं लिहायलाच हवं.

काल संध्याकाळी वन्संना सांगितलं होतं की उद्या साचा. आज सकाळी पाणी, भुकटी, सगळं मांडलं. फळीला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. बादलीत प्लास्टर कालवलं. एकदा कालवलं की ते कोणासाठी थांबत नाही, हां हां म्हणता घट्ट होतं. बादली उचलली आणि दारातून आवाज आला.

"साचा ओतू नकोस."

वन्सं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मागच्या अंगणातून एकट्या आल्या होत्या. दोन वर्षांत त्या बाथरूमपलीकडे एकट्या गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी म्हटलं, वन्सं, बादली हातात आहे, प्लास्टर बसतंय, काय असेल ते नंतर बोला.

"नंतर काय बोलू? अर्ध्या चंद्रावर देवीचे वण आहेत आणि अर्ध्यावर गळवं आलीत."

मी म्हटलं, कुठला चंद्र? हा धरणाचा...

"धरण पुरे झालं आता. पिको आहे हा. माझा पिको मला कळणार नाही असं वाटलं तुला?"

माझ्या हातातली बादली तशीच. त्या भिंतीला हात लावत टेबलापाशी आल्या, अगदी सरावाने, सुताराची लाकडी घोडी जिथे असते तिथे वळसा घेऊन. मला बादली खाली ठेवायला लावली. माझं बोट धरलं आणि फळीवर फिरवलं. पलीकडे डोंगराजवळ बारीक खळगे. बोट अलीकडे आलं, तर अलीकडे खळग्यांऐवजी फोड. म्हणाल्या की मी रोज डोंगरापाशीच असायचे, तू फळी फिरवल्यापासून तो लांब गेला, मग काल त्याला शोधायला हात पुढे केला तर वाटेत ही गळवं लागली. आणि इथे एक बुडालेलं विवर आहे. लाव्हाने भरून गेलं, त्याची नुसती कड वर राहिली. "अगं, कड आहे ती, वर असते. तू तिचं गटार केलंस."

मी चिडले. म्हटलं, फोटोत दिसतं तसंच केलंय, मला डोळे आहेत. बोलून गेले आणि जीभ चावली. वन्सं नुसतं म्हणाल्या, फोटो कसा लावलायस?

उलटा.

मी फोटो काढला आणि सरळ केला. माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या टेकड्या आत गेल्या. एकेक करून नाही, सगळ्या एकदम. गटार वर आलं. तोच फोटो! मी पुन्हा उलटा केला, पुन्हा फोड आले. मला भोवळच आली. वन्संनी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला? उजवीकडे. आणि उलट्या फोटोत ऊन कुठून येतं? डावीकडून. त्या म्हणाल्या, झालं तर मग. डोळा धरून चालतो की ऊन खिडकीतूनच येतंय. उजेडाची बाजू चुकली की खड्ड्याचा उंचवटा होतो. दुर्बिणीवर नव्याने बसणारा प्रत्येक जण एकदा तरी फसतो, त्याही फसल्या होत्या.

एवढ्यात प्लास्टर बादलीतच दगड झालं. बादली गेली.

मग माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. मी विचारलं, "तो बोका..."

"बोका कुठला? मीच. तू सुई केली होतीस. मला बघवेना."

बघवेना म्हणाल्या. आणि आम्ही दोघी हसायला लागलो, मी तर टेबलाला धरून. मग हसता हसता मी विचारलं की एवढं होतं तर आधीच का नाही बोललात. वन्सं म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात तू बाहेर गेलीस तेव्हा मातीच्या वासावर इथे आले, हात लावला, सपाट मैदानात एकटाच डोंगर, म्हणजे पिको. मला वाटलं, हिला माझी कीव येते. ज्या घरात आपल्यापासून चंद्रसुद्धा लपवावा लागतो, तिथे राहून काय करायचं.

मला फार राग आला. त्यांचा आला की माझा, ठाऊक नाही. कीव कसली, म्हटलं, वन्संची कीव करायची माझी छाती आहे का? मला वाटलं तुम्हाला दुखेल. त्या म्हणाल्या, दुखतंच ना. पण पिको नसण्यापेक्षा दुखणारा पिको बरा.

३१ मार्च

गळवं कापली. सगळी. केंद्रातल्या बाईंना फोन करून खरं सांगितलं, त्या हसल्या आणि थोडी मुदत दिली.

वन्सं आता सकाळी चहा झाला की येऊन बसतात, स्वतःची खुर्ची आणून. घट्ट झालेली बादली दार उघडं ठेवायला टेकवलीय, त्यांना ठेच लागू नये म्हणून तिची जागा पक्की केली.

१० एप्रिल

भांडण झालं. बुडालेल्या विवराची कड किती उंच ठेवायची यावर. मला वाटतं बोटाला लागली पाहिजे, नाहीतर केली कशाला. त्यांचं म्हणणं, जेमतेम लागली पाहिजे, शोधली तरच. मी उंच करते, त्या दाबतात. मी म्हटलं, बोक्याची सवय जात नाही तुमची. त्या म्हणाल्या, दूध घाल मग. शेवटी त्यांनी माझे डोळे पदराने बांधले आणि मला बोट फिरवायला लावलं. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. दुसऱ्यांदा हलवलं तर बोटाखालून काहीतरी वळत गेलं, गोल, लांबवर, थेट पिकोपर्यंत. अंगावर काटा आला. पिको त्याच बुडालेल्या विवराच्या कडेचा तुकडा असावा, असं वन्संनी सांगितलं.

त्यांचं बरोबर होतं. तसं मी बोलून दाखवलं नाही, पण कड त्यांच्या मापाने ठेवली. डोळे बांधल्यावर टेबलावरचा चहा दोनदा सांडला माझ्याकडून.

एवढं बोलतात, हसतात, पण निवासाचं काही बोलत नाहीत. ट्रंक खोलीत भरून तयार आहे. त्यांनी शब्द दिलाय आणि त्या शब्दाच्या पक्क्या. मी कोण अडवणार? तिथे त्यांना वाचायला शिकवतील, बोटांनी. मी काय देणार, माती?

१८ एप्रिल

साचा उत्तम निघाला. नमुनाही. वन्संनी टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला, पूर्ण फळी, सावकाश, आणि शेवटी म्हणाल्या, "पास."

त्यांच्याकडून शाळेतल्या मुलांना एवढंच मिळायचं म्हणतात.

२५ एप्रिल

दालन उघडलं. आमचा चंद्र मधल्या टेबलावर.

वन्संना घेऊन गेले. नको नको म्हणत होत्या, पण चांगली साडी ट्रंकेतून काढायला लावली म्हणजे मनात होतं. एक टेलिफोन ऑपरेटर आले होते, पन्नाशीचे, जन्मापासून दृष्टी नाही. पिकोवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, चंद्र गोल असतो हे लहानपणापासून ऐकतोय, खडबडीत असतो हे कोणी बोललंच नाही. वन्संनी त्यांचं बोट घेऊन त्या कडेवर नेलं. मी श्वास रोखून बघत होते. पहिल्यांदा लागली नाही. मग लागली, आणि गृहस्थ एकदम वाकले.

"हे डोळसांना दिसतं?" त्यांनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, क्वचित. ऊन अगदी आडवं असेल तेव्हाच.

"मग आपलं बरंय की," ते म्हणाले, आणि वन्सं इतक्या मोठ्याने हसल्या की रखवालदार बघायला आला.

केंद्रातल्या बाई खूश आहेत. आणखी विवरं, डोंगर, दऱ्या, वर्षभराचं काम आहे म्हणाल्या. तपासायला तुम्ही असालच ना, असं वन्संना विचारलं. वन्सं म्हणाल्या, एक तारखेपासून मी इथे नसेन. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पिकोवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

घरी आल्यावर वन्संनी चांगली साडी घडी करून ट्रंकेत परत ठेवली.

२८ एप्रिल

काल अर्धा चंद्र होता. आज चहाच्या वेळी वन्सं म्हणाल्या, दुर्बीण केंद्राला देऊन टाकते. पण चालते का ते बघायला हवं, बिघडलेली वस्तू देऊ नये. आज पिकोवर सकाळ होते, बरोबर दिवस आहे, तू बघून सांग.

गच्चीवर दोघी गेलो. अजून उजेड होता आणि चंद्र माथ्यावर. चादर काढली तर भिंगावर बुरशी नाही पण धूळ बोटभर. वन्सं म्हणाल्या, मऊ ब्रश हवा, ट्रंकेत आहे. खाली येऊन ट्रंक उघडली. वरच्या साड्या काढल्या, शाली काढल्या, पुस्तकं, औषधांचा डबा, यांचा फोटो. ब्रश पार तळाशी. सगळी ट्रंक जमिनीवर आली.

अंधारून आलं तेव्हा मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. वन्सं शेजारी उभ्या, मातीचा तो जुना पिको, मी साच्यातून वाचवलेला तुकडा, हातात घेऊन. तिथूनच मला चालवत होत्या. काळ्या तळाचं मोठं विवर शोध, तो प्लेटो. मिळाला. आता तिथून वर जा, दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. गेले. काळोखाच्या काठाजवळ एक पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे सावली, सुईसारखी.

सगळे खड्डे मला आधी फोडच दिसले. डोळे मिटून पुन्हा उघडले तशी ते आत गेले.

"कड दिसते?" वन्संनी विचारलं.

मी बघत राहिले. दिसत नव्हती. मग दिसली. इतकी बारीक, आत्ता आहे, आत्ता नाही, गोल जात पिकोला टेकलेली. मी बोटाने ती आधी पाहिली होती म्हणून डोळ्याला सापडली. नाहीतर कधीच सापडली नसती. मी म्हटलं, दिसते. आणि रडायलाच लागले, दुर्बिणीला डोळा लावून. भिंग ओलं झालं.

वन्सं म्हणाल्या, भिंग खराब करशील, बाजूला हो.

मी बाजूला झाले नाही. म्हटलं, "जाऊ नका."

मी पुढे बोलत सुटले. की मला मोकळं व्हायचं नाही. की तिथे तुमची सोय होईल, पण माझी होणार नाही. की वर्षभर डोंगर करायचेत आणि मी पुन्हा गळवं करीन. आणि हे सगळं खोटं आहे, काम नसतं तरी तुम्ही राहायला हव्या होत्या, नुसती सवय म्हणून नाही, तुम्ही मला हव्या आहात.

त्या हातातल्या पिकोवर अंगठा फिरवत होत्या.

"एवढं बोलायला फेब्रुवारीपासून एप्रिल लागला तुला?"

मी म्हटलं, तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलंत.

"आणि तू, जशी तुमची इच्छा, म्हणालीस. मी दोन रात्री तेच ऐकत होते." मग म्हणाल्या, "निवासात फोन तू कर. जागा दुसरीला मिळू दे. मला लाज वाटते. आता सरक, आणि पिकोच्या डावीकडे काय दिसतं ते सांग. नीट सांग, घाई करू नकोस."

मी सांगत राहिले. खाली गॅसवर काहीही नव्हतं.

२ मे

निवासातल्या विद्यार्थिनीला परवाच फोन केला. तिने आनंदाने जागा दुसऱ्या बाईंना दिली, आणि म्हणाली की आमच्या भूगोलाच्या बाईंचं भिंगावरचं प्रेम सुटणार नाही हे मला ठाऊक होतं. बोटांनी वाचायचं शिकवायला ती महिन्यातून एकदा इथे येणार आहे. मीही बसणार शिकायला, वन्संनी हुकूम सोडलाय.

आजपासून प्लेटोचं काम सुरू. तळ काळा आणि गुळगुळीत करायचाय. फोटो सरळ लावलाय, वन्संनी दोनदा विचारून खात्री केली, तिसऱ्यांदा स्वतः चौकट चाचपली.

जमिनीवर पडलेल्या साड्या कपाटात लावल्या. ट्रंक रिकामी झाली, तिच्यात प्लास्टरच्या पिशव्या भरून ठेवल्या. आत ओल लागत नाही, चांगली भक्कम आहे.